अकारविल्हे व नैसर्गिक क्रम

शब्द, नावे, क्रमांक किंवा अक्षरे व अंक यांच्या मिश्रणाने बनलेली चिन्हे शोधण्यास सुलभ व्हावीत, म्हणून ती ठराविक नियमाने मांडण्याच्या क्रियेस क्रमनिर्धारण म्हणतात. वर्णमालेतील अक्षरांच्या क्रमास अनुसरून केलेल्या मांडणीस मराठीत अकारविल्हे किंवा वर्णानुक्रम म्हणतात. अक्षरांबरोबर अंकही आले असता अंकांचा समूह सुट्या चिन्हांचा न मानता एक संख्या मानावयाचा आणि तिच्या मूल्याप्रमाणे तिला स्थान द्यावयाचे, या पद्धतीस नैसर्गिक क्रम अशी संज्ञा आहे. यादी हाताने करणारा मनुष्य २ नंतर ३ आणि ९ नंतर १० लिहितो. चिन्हे एकेक करून ताडून पाहणारे यंत्र मात्र १ च्या पाठोपाठ १० ठेवते आणि २ ला त्यांच्या मागे ढकलते. मनुष्याची सवय व यंत्राची रीत यांतील हे अंतर संगणकाचा वापर कार्यालयांत सार्वत्रिक झाल्यावर ठळक झाले. तथापि कोणता क्रम योग्य हा प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळच जुना आहे.

विदर्भातील बुलढाणा जिल्हा या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. वऱ्हाड प्रांताचा भाग म्हणून हा प्रदेश १८५३ च्या तहाने निजामाकडून ब्रिटिशांच्या व्यवस्थेखाली आला. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताशी जोडण्यात आला. स्वातंत्र्यानंतर हा जिल्हा मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. राज्यव्यवस्था पालटल्या, तरी गावे व शेते तीच राहिली. त्यांची नावे मात्र मोडी, देवनागरी व रोमन अशा तीन लिप्यांत लिहिली गेली आणि प्रत्येक व्यवस्थेने त्यांची यादी आपापल्या क्रमाने केली.

पूर्वेतिहास : प्राचीन भारतीय कोशकारांस वर्णमालेचा क्रम उत्तम प्रकारे अवगत होता. तरीही त्यांनी शब्दांची मांडणी क्वचितच आद्याक्षरानुसार केली. अमरकोश हा विषयवार वर्गांत विभागलेला असून तो पद्यात आहे. मेदिनीकोशासारख्या अनेकार्थ कोशांत शब्दाच्या अंत्य वर्णावरून गट पाडलेले दिसतात. शिवकालीन राजव्यवहारकोशही राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग अशा दहा वर्गांत रचलेला आहे. हे कोश मुख्यतः पाठ करण्यासाठी होते. पाठ असलेल्या ग्रंथात शब्द शोधावा लागत नाही, तो आठवावा लागतो. त्यामुळे विषय व वृत्त हेच तेथे क्रमाचे आधार ठरले.

छापील कोश हाताशी ठेवून शब्द शोधण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकात पडला आणि अकारविल्हे रचनेची गरज निर्माण झाली. विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे मोडी टंकांत छापला गेला. त्यानंतर शास्त्रीमंडळाने तयार केलेला महाराष्ट्र भाषेचा कोश (१८२९) आणि जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७) प्रसिद्ध झाले. या कोशांनी मराठी वाचकास शब्द आद्याक्षरावरून पाहण्याची सवय लावली. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशात प्रस्तावनाखंडांनंतरचे विषय अकारविल्हे मांडले. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशानेही (१९३२–३८) हीच पद्धत पुढे चालविली.

व्यक्तिनामांच्या बाबतीत मात्र कोणत्या शब्दावरून स्थान ठरवावे, असा आणखी एक प्रश्न उद्भवतो. मेहकर येथे दीर्घकाळ वास्तव्य असलेले कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची नोंद आडनावावरून द या अक्षराखाली येते. शेगावचे गजानन महाराज यांची नोंद मात्र ग या अक्षराखालीच शोधली जाते. संत, श्री, राजमाता यांसारखी आदरार्थी पदे क्रम लावताना सामान्यतः वगळतात. म्हणजे जे लिहिलेले असते ते सर्वच क्रमासाठी विचारात घेतले जात नाही, ही गोष्ट कोशकारांच्या व ग्रंथपालांच्या व्यवहारात फार पूर्वीपासून रूढ आहे.

मराठी वर्णक्रमाचे विशेष : देवनागरी वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर आधारलेला आहे. क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य व प-वर्ग ओष्ठ्य, अशी त्याची मांडणी आहे. रोमन वर्णक्रमास असा ध्वनिशास्त्रीय आधार नाही. मराठी वर्णमालेत ह या वर्णानंतर ळ येतो आणि त्यापुढे क्ष व ज्ञ ही जोडाक्षरे म्हणण्याची पद्धत आहे. कोशांत स्वरचिन्हांचा क्रम अ ते औ असा असतो. अनुस्वारयुक्त अक्षर साधारणपणे त्याच स्वराच्या निरनुस्वार अक्षराआधी आणि जोडाक्षरे सर्व स्वरचिन्हांनंतर घेतली जातात. त्यामुळे कंस, कमळ, काम, कौल, क्रम हा क्रम मराठी वाचकास ओळखीचा वाटतो. क्ष व ज्ञ यांविषयी मात्र एकवाक्यता नाही. त्यांना स्वतंत्र वर्ण मानून शेवटी ठेवणे, किंवा अनुक्रमे क व ज यांखालील जोडाक्षरे मानणे, अशा दोन्ही रीती संभवतात. संपादकाने त्यांपैकी एक निवडून ती अखेरपर्यंत पाळावयाची असते.

लेखनपद्धती बदलली की क्रमही बदलतो. मराठीच्या शासनमान्य शुद्धलेखनविषयक नियमांनी (१९६२) अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या कागदपत्रांत शेगांव, खामगांव अशी रूपे आढळतात आणि आज शेगाव, खामगाव असे लिहितात. उच्चार तोच असला, तरी अनुस्वाराच्या एका टिंबामुळे ही दोन रूपे यादीत निरनिराळ्या जागी पडतात. जिल्ह्याचे नावही बुलडाणा व बुलढाणा असे दोन प्रकारे लिहिलेले आढळते. भिल्लांचे ठाणे या अर्थाच्या भिलठाणा या शब्दावरून ते आले, असे सांगितले जाते. ड व ढ हे वर्णमालेत लगतचे वर्ण असल्याने छोट्या यादीत या भेदाने फरक पडत नाही. नेमके नाव जुळवून शोध घेताना मात्र एका रूपाखाली केलेली नोंद दुसऱ्या रूपाने शोधणाऱ्यास सापडत नाही.

रोमन क्रम व मराठी क्रम : वऱ्हाडचा गॅझेटियर आल्फ्रेड लायल यांनी १८७० मध्ये संपादित केला. बुलढाणा जिल्ह्याचा स्वतंत्र इंग्रजी गॅझेटियर ए. ई. नेल्सन यांच्या संपादकत्वाखाली १९१० मध्ये आणि महाराष्ट्र राज्याचा सुधारित गॅझेटियर १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१० च्या ग्रंथाच्या वेळी जिल्ह्यात खामगाव, चिखली, जळगाव, मलकापूर व मेहकर असे ५ तालुके होते. त्यांपैकी खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ च्या पुनर्रचनेत अकोला जिल्ह्यातून आले होते. सध्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत. मराठी वर्णानुक्रमाने त्यांची यादी पुढीलप्रमाणे होते : खामगाव, चिखली, जळगाव जामोद, देऊळगाव राजा, नांदुरा, बुलढाणा, मलकापूर, मेहकर, मोताळा, लोणार, शेगाव, संग्रामपूर व सिंदखेड राजा. रोमन लिपीतील क्रमाने हीच यादी बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, जळगाव जामोद, खामगाव, लोणार, मलकापूर, मेहकर, मोताळा, नांदुरा, संग्रामपूर, शेगाव व सिंदखेड राजा अशी होते. मराठीत पहिले असलेले खामगाव रोमन क्रमात पाचवे येते आणि सहावे असलेले बुलढाणा पहिले येते. शेगाव व संग्रामपूर यांचीही अदलाबदल होते, कारण श व स हे देवनागरीतील भिन्न वर्ण रोमन लिपीत एकाच अक्षराने सुरू होतात. दोन्ही याद्या आपापल्या जागी निर्दोष आहेत. मात्र देवनागरीत दिसणारी यादी रोमन क्रमाने लावलेली असेल, तर मराठी वाचकास ती क्रमहीन भासते.

याखेरीज स्थानक्रम हा तिसरा प्रकार प्रचारात आहे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारला ४९७, धुळ्याला ४९८, जळगावला ४९९, बुलढाण्याला ५००, अकोल्याला ५०१ व वाशिमला ५०२ हे संकेतांक दिले गेले. नकाशावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना हे जिल्हे याच क्रमाने लागतात. मोटार वाहनांच्या नोंदणीत मात्र २७ हा क्रमांक अमरावतीचा, २८ बुलढाण्याचा, २९ यवतमाळचा व ३० अकोल्याचा आहे. हा क्रम वर्णानुसारी नाही आणि शेजारानुसारीही नाही. तो केवळ प्रशासनाने दिलेला आहे. एकाच जिल्ह्याचे स्थान अशा रीतीने यादीच्या हेतूप्रमाणे बदलत जाते.

भूमापन व क्रमांकांचा क्रम : अक्षरे व अंक यांचे मिश्रण बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांच्या परिचयाचे झाले ते जमिनीच्या दप्तरामुळे. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात ज्या पद्धतीचा पाया घातला, तीच मुंबईची भूमापन पद्धती पुढे वऱ्हाडात लागू करण्यात आली. या पद्धतीत प्रत्येक शेतास सर्व्हे क्रमांक दिला जातो. मोजणी एका शेताकडून लगतच्या शेताकडे जात असल्याने लागोपाठचे क्रमांक सामान्यतः एकमेकांशेजारच्या शेतांचे असतात. त्यामुळे क्रमांकांची यादी ही एका अर्थाने गावच्या शिवाराची फेरीच असते. वाटणी वा विक्री झाली म्हणजे मूळ क्रमांकाचे हिस्से पडतात आणि १२/१, १२/२, १२/२अ अशी चिन्हे तयार होतात. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणविषयक कायद्यानुसार ज्या गावांत एकत्रीकरण योजना अमलात आली, तेथे सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. त्यांचेही पुढे हिस्से पडत गेले.

बुलढाणा जिल्ह्यातील जमीन महसुलाचा कारभार १९२८ च्या वऱ्हाड जमीन महसूल संहितेनुसार, नंतर १९५४ च्या मध्य प्रदेश संहितेनुसार आणि पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्यानुसार चालला. गावपातळीवरील नोंदवह्या गाव नमुना १ ते २१ या क्रमाने ओळखल्या जातात. त्यांतील नमुना ७ हा अधिकार अभिलेखाचा व नमुना १२ हा पिकांच्या नोंदीचा. या दोहोंच्या संयुक्त उताऱ्यास सातबारा म्हणतात. नमुन्यांना १-अ, ७-अ, ८-अ असे पोटक्रमही आहेत. दप्तर ठेवणाऱ्यास ७-अ हा नमुना ७ नंतर व ८ पूर्वी असावयाचा आणि १० हा ९ नंतर असावयाचा, हे सांगावे लागत नसे. नैसर्गिक क्रमाचा हा नियम कोठेही लिहिलेला नव्हता; तो कामाच्या वळणातच होता.

संगणकातील संकेतांक : संगणकात प्रत्येक चिन्ह एका संख्येने दर्शविले जाते. अमेरिकेत १९६३ मध्ये ठरविलेल्या आस्की संकेतावलीत ० ते ९ या अंकांचे संकेतांक ४८ ते ५७ असे आहेत. चिन्हांच्या ओळीस संगणकशास्त्रात स्ट्रिंग असे म्हणतात. दोन स्ट्रिंगांची तुलना करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे पहिल्या चिन्हापासून एकेक संकेतांक ताडून पाहणे आणि जेथे प्रथम भेद आढळेल तेथे निर्णय देणे. या रीतीने १० व २ यांची तुलना पहिल्याच चिन्हाशी संपते. १ हे २ पेक्षा लहान असल्याने १० ही स्ट्रिंग आधी येते. साहजिकच १२/१, १२/१०, १२/११, १२/२ असा क्रम लागतो. यात यंत्राचा हिशेब चुकलेला नसतो. १० ही दहा या मूल्याची संख्या आहे, ही माहितीच त्याला दिलेली नसते.

भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतावली १९८८ मध्ये तयार झाली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून सुधारित स्वरूपात आली. बहुतेक भारतीय लिप्यांचा उगम समान असल्याने त्यांस एकच कोष्टक लागू करावे, ही तीमागील कल्पना होती. युनिकोड या जागतिक संकेतावलीच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्याच धर्तीवर झाली. तीत स्वर, व्यंजने व स्वरचिन्हे यांची स्थाने मराठी कोशांच्या क्रमाशी बऱ्याच अंशी जुळतात. परंतु काही ठिकाणी भेद राहिला. युनिकोडमध्ये ल चा संकेतांक २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७ आणि ह चा २३६१ आहे. म्हणजे ळ हे अक्षर ह च्या पुढे नसून ल च्या शेजारी आहे. जलंब, जवळा व जळगाव ही ग्रामनामे मराठी वर्णक्रमाने याच क्रमाने येतात. केवळ संकेतांकांवरून लावल्यास जळगाव हे जवळा या नावाच्या आधी येते.

इंग्रजी शब्दांतील स्वरासाठी वापरला जाणारा ॲ हा वर्ण स्वतंत्र संकेतांकासह युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याचा संकेतांक २४१८ असून तो देवनागरी अंकांच्याही पुढचा आहे. त्यामुळे ॲ ने सुरू होणारे शब्द संकेतांकक्रमात ह च्याही नंतर जातात. अ वर चंद्र देऊन हाच वर्ण दोन चिन्हांनी लिहिला, तर तोच शब्द अ च्या गटात येतो. कागदावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. कऱ्हाड, वऱ्हाड यांसारख्या शब्दांतील अर्ध्या र चेही असेच आहे. तो संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठविता येतो. डोळ्यांना एकच दिसणारे नाव यंत्राच्या दृष्टीने दोन ठरू शकते. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये मराठी वर्णमालेविषयी शासननिर्णय काढले. संगणकीय व्यवहारात अक्षरांची रूपे व त्यांचे स्थान निश्चित असणे किती आवश्यक झाले आहे, हे त्यांवरून दिसून येते.

शब्दांमधील मोकळ्या जागेचाही क्रमावर परिणाम होतो, कारण संगणकाच्या लेखी मोकळी जागा हेही एक चिन्ह असून त्याचा संकेतांक अक्षरांपेक्षा लहान आहे. देऊळगाव मही, देऊळगाव राजा, देऊळगाव साकर्शा व देऊळघाट ही बुलढाणा जिल्ह्यातील गावे या क्रमाने यावयास हवीत. देऊळगावराजा असे जोडून लिहिले, की ते देऊळगाव साकर्शा या नावाच्या मागे जाते. बुद्रुक व खुर्द या पदांची बु. व खु. अशी संक्षिप्त रूपे, त्यांपुढील पूर्णविराम आणि कंस यांमुळेही असेच फेरफार घडतात.

नैसर्गिक क्रमाची रीत : संगणकाने लावलेला क्रम मनुष्याच्या अपेक्षेशी जुळविण्याचा प्रश्न ग्रंथालयांच्या संदर्भात आधीच चर्चिला गेला होता. डोनाल्ड नूथ यांनी संगणकीय आज्ञावलीच्या कलेवरील आपल्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात (१९७३) ग्रंथालयातील पत्रांच्या मांडणीचे नियम किती गुंतागुंतीचे असतात, हे उदाहरणाने दाखविले आहे. अंकमिश्रित नावांसाठीची सोपी रीत विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसार पावली. मार्टिन पूल यांनी सी भाषेत लिहिलेली अशी तुलनेची आज्ञावली पीएचपी या भाषेच्या २००० मधील चौथ्या आवृत्तीत समाविष्ट झाली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपी (२००१) या प्रणालीतही फायलींची नावे अंकमूल्याप्रमाणे दिसू लागली.

या रीतीत प्रत्येक स्ट्रिंगचे अंकांचे व अंकेतर चिन्हांचे असे एकाआड एक तुकडे पाडले जातात. १२/१०अ या चिन्हाचे १२, तिरपी रेघ, १० व अ असे चार तुकडे होतात. दोन स्ट्रिंगांतील समोरासमोरचे तुकडे अंकांचे असल्यास त्यांची तुलना संख्या म्हणून आणि अक्षरांचे असल्यास वर्णक्रमाने होते. पहिला भेद आढळताच निर्णय लागतो. एक स्ट्रिंग आधी संपल्यास ती आधी येते. म्हणून १२/२, १२/२अ, १२/१० हा क्रम मिळतो. अंकांचे तुकडे फार लांब असल्यास सुरुवातीची शून्ये वगळून आधी त्यांची लांबी आणि ती सारखी असल्यास एकेक अंक ताडून पाहतात. अशाने कितीही मोठ्या संख्येची तुलना करता येते.

मराठी मजकुरासाठी आणखी एक दक्षता आवश्यक असते. देवनागरी अंकांचे संकेतांक २४०६ ते २४१५ असे आहेत. त्यामुळे ४८ ते ५७ एवढेच संकेतांक अंक म्हणून ओळखणाऱ्या आज्ञावलीस देवनागरीतील १२ ही संख्या वाटत नाही. एकाच यादीत दोन्ही प्रकारचे अंक असतील, तर आधी त्यांचे मूल्य समान करून घ्यावे लागते.

तुलनेचा नियम सुसंगतही असावा लागतो. पहिले दुसऱ्याच्या आधी व दुसरे तिसऱ्याच्या आधी येत असेल, तर पहिले तिसऱ्याच्या आधी आलेच पाहिजे. दोन्ही स्ट्रिंग निव्वळ अंकांच्या असतील तेव्हा संख्या म्हणून आणि एरवी चिन्हे म्हणून तुलना करावी, असा नियम वरवर सरळ वाटतो. त्यानुसार २ हे १० च्या आधी येते. अंक अक्षरांपूर्वी मानल्यास १० हे १अ च्या आधी येते आणि १अ हे २ च्या आधी येते. तिन्ही विधाने एकत्र घेतली की कोठेच आरंभ नसलेले वर्तुळ तयार होते. अशा नियमाने यादी लावली, तर मूळ नोंदी कोणत्या क्रमाने आल्या त्यावर निष्कर्ष अवलंबून राहतो आणि त्याच नोंदींची यादी दोन वेळा दोन प्रकारची लागू शकते. तुकडे पाडण्याची रीत सर्वत्र सारखीच लावली, तर हा दोष टळतो.

मर्यादा : नैसर्गिक क्रम हा सर्वत्र लागू पडणारा नियम नव्हे. सातबारावर हिस्सा क्रमांक व क्षेत्र ही दोन्ही अंकांतच लिहिलेली असतात. हिस्सा १/१० हा १/२ च्या पुष्कळ पुढचा आहे. मात्र १.१० हेक्टर क्षेत्र १.२ हेक्टरपेक्षा कमी आहे. १/१ व १/१० ही दोन वेगळी शेते असून १.१ व १.१० हेक्टर हे एकच क्षेत्र आहे. हिस्सा क्रमांकातही रेघेऐवजी टिंब दिले गेले, तर केवळ चिन्हांकडे पाहून यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे कोणत्याही आज्ञावलीस ठरविता येणार नाही. ती माहिती रकान्याच्या शीर्षकात, म्हणजे नोंद करणाऱ्याच्या हेतूत असते. क्रम चिन्हांच्या ठायी नसून त्यांच्या उपयोगात असतो, ही या विषयातील मूलभूत गोष्ट होय.

महाराष्ट्रात भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणास विदर्भापासूनच प्रारंभ झाला. १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने प्रायोगिक योजनेसाठी देशातील ज्या आठ जिल्ह्यांची निवड केली, त्यांत वर्धा हा महाराष्ट्रातील एकमेव जिल्हा होता. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात ऑनलाइन उपलब्ध होऊ लागला. हस्तलिखित दप्तर चाळणारा मनुष्य १० हा क्रमांक ९ व ११ यांच्या मध्ये पाहतो. तेथे तो नसेल, तर नोंदच नाही असा त्याचा समज होतो. वारसाची नोंद, पीककर्ज, विमा किंवा भूसंपादनाचा मोबदला या सर्व गोष्टी नोंद सापडण्यावर अवलंबून असतात. चुकीच्या जागी असलेली नोंद आणि नसलेली नोंद यांत शोधणाऱ्याच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.

उपाय : संगणकपूर्व कार्यालयांतही प्रचलित असलेला जुना उपाय म्हणजे अंकांपूर्वी शून्ये देऊन सर्व क्रमांक समान लांबीचे करणे. मोटारींच्या क्रमांकांत मुंबईसाठी ०१ असे लिहितात ते याच पद्धतीने. सर्व क्रमांक दोन अंकी असले, की साध्या तुलनेनेही योग्य क्रम लागतो. किती अंकांची तरतूद करावयाची हे मात्र आधीच ठरवावे लागते आणि ती अपुरी पडल्यास संपूर्ण यादी नव्याने करावी लागते. शिवाय शून्ये मूळ नोंदीतच घातल्यास दप्तरातील चिन्ह व संगणकातील चिन्ह यांत तफावत पडते. म्हणून मूळ लेखन जसेच्या तसे ठेवून क्रमासाठी त्यापासून एक वेगळी कुंजी तयार करणे अधिक श्रेयस्कर ठरते. यादी कुंजीप्रमाणे लावावयाची व वाचकास मूळ लेखन दाखवावयाचे, असा हा संकेत आहे.

अक्षरांसाठीही हेच तत्त्व आता सर्वमान्य आहे. युनिकोडच्या क्रमनिर्धारण पद्धतीत संकेतांकांची सरळ तुलना न करता प्रत्येक चिन्हास स्वतंत्र भार दिला जातो. तुलना पातळ्यांनी होते : प्रथम मूळ अक्षरांचा भेद, तो नसल्यास खुणांचा व त्यानंतर इतर गौण भेद पाहिले जातात. या सामान्य कोष्टकावर प्रत्येक भाषेचे अपवाद नोंदविण्याची सोय असून मराठीच्या नियमांत ळ ला ह च्या पुढील स्थान देण्यात आले आहे. अंकसमूहांची संख्या म्हणून तुलना करण्याचा पर्यायही तेथे आहे. पण तो निवडावा लागतो, आपोआप लागू होत नाही.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील गावांची व शेतांची यादी करताना लिपी कोणती, ळ व क्ष यांची स्थाने कोणती, मोकळी जागा मोजावयाची की नाही आणि रकान्यातील अंक हे क्रमांक आहेत की मोजमाप, हे चार प्रश्न आधी सोडवावे लागतात. पूर्वी त्यांची उत्तरे दप्तर सांभाळणाऱ्याच्या सवयीत होती आणि तो बदलला तरी त्याच्या हाताखाली शिकलेल्याकडे ती जात. यंत्राकडे अशी परंपरा नसते. त्यामुळे हे नियम स्पष्ट शब्दांत लिहून ठेवणे आणि सर्व कार्यालयांनी ते एकसारखे पाळणे, हाच अभिलेख शोधता येण्याजोगे ठेवण्याचा भरवशाचा मार्ग होय.